रत्नाईचा प्रश्न

मैत्रिणींनो, एखादी तरुण मुलगी देवाधर्माकडे वळली की आपल्या बैठकांत दोनच वाक्ये ऐकू येतात. एक, 'घरच्यांनी डोक्यात भरवलं असेल.' दुसरे, 'लग्न जमत नसेल.' तिला स्वतःलाच काही विचारायचे असेल, असे कोणी म्हणत नाही.

मी वाशिम जिल्ह्यात काम करते. इथल्या कारंजा लाडचे नाव दत्तभक्तांना सर्वत्र ठाऊक आहे. नृसिंहसरस्वती इथले, जन्मसाल १३७८ सांगतात. 'गुरुचरित्रा'तली कथा अशी की, हा मुलगा मुंजीपर्यंत ओंकाराशिवाय काही बोलत नाही. मुंज होताच वेद म्हणू लागतो आणि आईकडे घर सोडण्याची परवानगी मागतो. आई रडते, विनवते. पुढे जुळे भाऊ जन्मल्यावर तो काशीला निघतो. या ओढीला आपण वैराग्य म्हणतो, हात जोडतो.

त्याच ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात तो संन्यासी होऊन कारंज्याला येतो. तिथे त्याची बहीण रत्नाई त्याला विनवते की, मी संसारात बुडते आहे, मला तार, मला तप करायचे आहे. भावाला जे हवे होते, तेच ती मागते. उत्तर मिळते की, बाईला तप कशाला, पतीची सेवा हाच तिचा मार्ग. वर तिचे पूर्वजन्मीचे हिशेब निघतात. गाईला लाथ मारलीस, शेजारच्या नवराबायकोत कलह लावलास. म्हणून तुला कुष्ठ होईल आणि तुझा नवरा तापसी होईल. इथे जरा थांबून पाहा. नवऱ्याने घर सोडले तर ते त्याचे तप. बायकोच्या वाट्याला मात्र तीच गोष्ट शिक्षा म्हणून येते!

पुढे एकतिसाव्या अध्यायात पतिव्रतेचे नियम आहेत. पस्तिसाव्यात स्त्रीला मंत्र का देऊ नये, यासाठी कच-देवयानीची कथा आहे. रूढी तर म्हणते की बायांनी हा ग्रंथ वाचूच नये. (पारायणाच्या सप्ताहातला सोवळ्याचा स्वयंपाक मात्र त्यांनीच करावा.) आता पुष्कळ जणी रूढी न जुमानता वाचतात, हे चांगलेच आहे.

हे सगळे जुने झाले, असे वाटत असेल तर एका मुलीबद्दल सांगते. बी.ए. झालेली, बावीस वर्षांची. वडिलांनी कर्जापायी फवारणीचे औषध घेऊन जीव दिला. २००६ साली केंद्राने ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज दिले, त्यांत वाशिम होताच. अशा घरी कार्यकर्ती जाते तेव्हा एक लाखाची मदत, सातबारा, आईचे नाव लावणे हे बोलते. ते बोललेच पाहिजे. कागद झाल्यावर ही मुलगी म्हणाली, "ताई, मानूस मेल्यावर कुठी जाते? अन् मी कायले जगू?" या प्रश्नाला आपल्याकडे अर्ज नाही. मग ती गावातल्या सत्संगात जाऊ लागली. तिथे तिला बसायला जागा मिळाली, कोणी तरी ऐकून घेतले. महिनाभरात हेही सांगण्यात आले की पाळीचे चार दिवस यायचे नाही आणि वडील गेले ते घरच्या बायांनी कुळाचार चुकवला म्हणून. तिची आई त्या दिवसापासून जेवताना बोलत नाही.

तिथे ती गेली याचा मला राग नाही. तिच्या दुःखावर दोष बसवणाऱ्यांचा आहे. आणि विवेकवादाच्या नावाखाली तिचा प्रश्नच खोटा ठरवणाऱ्या आपल्या मैत्रिणींशीही माझे भांडण आहे. बुवाबाजीविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, त्याचा वापर केलाच पाहिजे. पण कायदा बुवाला धरील, त्या मुलीशी बोलायला येणार नाही.

शिवाय विचारणाऱ्या बायांची परंपरा आपल्या याच मुलखात आहे. तेराव्या शतकात चक्रधरांनी बायांना शिष्या केले. विटाळाची शंका निघाली तेव्हा, नाकातून शेंबूड येतो तसा हाही देहाचाच धर्म, अशा अर्थाचे त्यांनी सांगितले. बालविधवा महादाइसा त्यांना प्रश्नामागून प्रश्न विचारी. 'धवळे' रचणारी ती मराठीची आद्य कवयित्री. तिचे रिद्धपूर शेजारच्या अमरावती जिल्ह्यात आहे. महानुभावांचे नियम बायांना सोपे होते असे मी म्हणणार नाही, पण तिला 'नवऱ्याची सेवा कर' असे सांगून कोणी गप्प केले नाही. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर धम्म स्वीकारायला वऱ्हाडातल्या खेड्यापाड्यांतून लेकरे काखेत घेऊन बाया गेल्या होत्या. देव नाकारून माणूस म्हणून जगायचे कसे, हा निर्णय त्यांचाही होता. त्यांच्या नाती आज आपल्या गटांत आहेत. त्यांना आपण याबद्दल कधी विचारतो का?

आमच्या गटात आता शिबिराची एक रात्र मोकळी ठेवतो. देव मानणारी, न मानणारी, बुद्धविहारात जाणारी, पोहरादेवीला नवस बोललेली, सगळ्या बसतात. अट एकच, कोणी कोणाला हसायचे नाही. या वर्षी दत्तजयंतीच्या सप्ताहात आम्ही तेरावा अध्याय मोठ्याने वाचणार आहोत. रत्नाईला त्या उत्तरानंतर काय म्हणावेसे वाटले असेल, ते प्रत्येकीने सांगायचे. ती मुलगी येते म्हणाली आहे; आईला आणायचे तिच्या मनात आहे.