नळाचे काम, त्यातील खोट आणि मजुरी

मुरूडपासून श्रीवर्धन-म्हसळ्यापर्यंत आपल्या किनाऱ्यावर घरांची कामे बारा महिने चालू असतात. आखाताची कमाई आपल्याकडे प्रथम घरात जाते, ही जुनी रीत आहे. त्यात ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने हजारो घरांची पडझड केली आणि दुरुस्तीच्या निमित्ताने अनेकांनी जुनी मोरी काढून टाइल्सचे न्हाणीघर करून घेतले. घर उभे राहते, रंग लागतो, पाहुण्यांची दावत होते. आणि वर्ष व्हायच्या आत न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीला ओल धरते. मग मालक आणि प्लंबर यांच्यात तकरार सुरू होते. गाव लहान असल्याने ती कित्येकदा दोन घरांचे बोलणे बंद होईपर्यंत जाते.

ही तकरार मुळात व्यवहाराची आहे, म्हणून तिचा विचार या पानावर व्हावा. आपल्या वाचकांत घर बांधणारे व्यापारी आहेत, तसेच प्लंबर, गवंडी आणि सुतारही आहेत. माझे म्हणणे थोडक्यात असे की, खराब कामाचा खरा इलाज टाइल बसण्यापूर्वीच करता येतो. त्यासाठी पैशाचे हप्ते तपासणीशी बांधले पाहिजेत, आणि तपासणी झाल्यावर कोणीही दुसऱ्याचा हक्क अडवता कामा नये.

कापडाच्या धंद्यात माल आला की आम्ही थान उघडतो, पन्ना मोजतो, उजेडात धरून डाग आणि गाठ बघतो, नंतर बिल मान्य करतो. खोट निघाली तर थान परत जाते किंवा भाव उतरतो. न्हाणीघरात नेमके उलटे चालते. नळ आणि शॉवर मालक चार दुकाने फिरून निवडतो, पण जो पाइप भिंतीत कायमचा बंद व्हायचा त्याकडे कोणी बघतसुद्धा नाही.

म्हसळा तालुक्यात आमच्या नात्यातल्या एका घरचा मामला सांगतो. मालक कुवेतला, घरी वृद्ध वालिद. ठराव फोनवर झाला, कागद काही नाही. प्लंबरने मागेल तेव्हा पैसे नेले आणि टाइल लागण्याआधीच पूर्ण मजुरी घेतली. चार महिन्यांत भिंतीचे पोपडे पडू लागले. आपल्याकडची जांभ्याची भिंत पाणी शोषून घेते, त्यामुळे गळती एकीकडे आणि ओल दुसरीकडे दिसते. प्लंबरने गवंड्याकडे बोट दाखवले, गवंड्याने प्लंबरकडे. दुसऱ्या कारागिराने भिंत फोडली तेव्हा कळले की गिझरच्या गरम पाण्याच्या लाइनला मध्येच साधा पीव्हीसी तुकडा जोडला होता, आणि सीपीव्हीसीच्या सांध्यांना भलत्याच पाइपाचे सोल्युशन लावले होते. गार पाण्यावर सांधा टिकला, गरम पाणी फिरू लागल्यावर सुटला. तोडफोडीचा खर्च मूळ मजुरीहून जास्त झाला. शिवाय त्या लॉटची टाइल बाजारात मिळेना. कापडात एका रंगाच्या दोन लॉटमध्ये फरक पडतो, तसाच टाइलमध्येही पडतो. म्हणून त्याच शेडच्या दोन-चार टाइल्स जास्त घेऊन ठेवाव्यात.

हे सारे टाळण्यासाठी मालकाने प्लंबिंग शिकण्याची गरज नाही. चार गोष्टी बघितल्या तरी पुरे. पहिली, पाइप भिंतीत बसल्यावर आणि प्लास्टर होण्यापूर्वी सांधे सुकू द्यावेत, मग लाइनची तोंडे बंद करून हातपंपाने दाब द्यावा आणि काटा उतरतो का ते बघावे. दुसरी, वॉटरप्रूफिंग झाल्यावर बाहेर जाणारी तोंडे बंद करून फरशीवर पाणी साठवावे, ते एक-दोन दिवस ठेवावे आणि खालून व बाजूने ओल येते का ते तपासावे. तिसरी, लादी बसताच कोपऱ्यात बादलीभर पाणी ओतावे. ते आपोआप जाळीकडे गेले पाहिजे. वुजूच्या नळाखाली पाणी साचत असेल तर उतार चुकला समजावे. चौथी, नहाणी ट्रॅपमध्ये पाणी उभे राहते का ते पाहावे. ते पाणीच गटाराचा वास अडवते. ट्रॅप चुकीचा बसला तर कितीही फिनाईल ओतले तरी वास जाणार नाही. भिंत बंद होण्यापूर्वी पाइपांचे फोटो काढून ठेवावेत. मालक परदेशी असेल तर त्याला ते फोनवर पाठवावेत.

आता पैशाचा प्रश्न. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी ही शिकवण आपल्याला लहानपणापासून आहे. काही कारागीर तिचा आधार घेऊन सगळे पैसे आधी मागतात. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा, ही शिकवण मात्र दोन्ही बाजू सोयीने विसरतात. मजुरीचे तीन हिस्से करावेत: एक दाबाच्या तपासणीनंतर, दुसरा नळ-फिटिंग झाल्यावर, तिसरा महिनाभर वापर झाल्यावर. हे आधी लिहून ठरले असेल तर तिसरा हिस्सा थांबवणे म्हणजे मजुरी बुडवणे नव्हे. पण महिना संपून काम ठीक निघाले, तरी "एक नळ सैल वाटतो" असे सांगून वर्षभर पैसे अडकवणारे मालकही आपल्यात आहेत. ती सरळ बेईमानी आहे. अशा मालकांमुळेच चांगला कारागीरसुद्धा पैसे आधी मागायला शिकतो.

खोट निघालीच तर प्रथम वॉल्व्ह बंद करावा, फोटो काढावेत आणि त्याच प्लंबरला बोलावून दुरुस्तीची एक संधी व मुदत लेखी द्यावी. दोष मालाचा, प्लंबरचा की गवंड्याचा, हे तिसऱ्या जाणत्या कारागिराकडून लिहून घ्यावे आणि खर्चाचा अंदाजही घ्यावा. बहुतेक मामले या कागदावर आणि मोहल्ल्यातल्या दोन समजूतदार माणसांसमोर मिटतात.

न मिटल्यास कायदा आहे. घरबांधणी ही सेवा असून ती ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात स्पष्ट केले. १९८६ च्या कायद्याची जागा आता २०१९ च्या कायद्याने घेतली आहे. पैसे देऊन घेतलेल्या सेवेत कसूर झाली तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. आपल्या जिल्ह्याचा आयोग अलिबागला आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पनवेलकडे नवा फ्लॅट घेतलेल्यांनी हेही लक्षात ठेवावे की रेरा कायद्याखाली ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत कारागिरीतील दोष दाखवून दिल्यास बिल्डरने तो तीस दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. मात्र बिल, ठराव, फोटो यांपैकी काहीच हाती नसेल तर आयोगासमोर आपले म्हणणे सिद्ध करणे कठीण जाते.

कारागीर बंधूंनाही दोन शब्द. आपली मुले आखातात प्लंबिंगची कामे करतात. परत आलेले सांगतात की तिथल्या मोठ्या कामांवर तपासणी झाल्याशिवाय भिंत बंद करू देत नाहीत. तिथे जे मुकाट्याने पाळतो, ते इथे मालकाने मागितले तर त्यात अपमान कसला? ओडिशातील केंद्रापाडा जिल्ह्यातील लोकांनी देशभर याच कामात नाव कमावले आणि तिथल्या सरकारने पट्टामुंडईला या कामाच्या शिक्षणासाठी संस्था काढली. आपल्याकडे आयटीआयमध्ये प्लंबरचा एक वर्षाचा कोर्स आहे, पण तिकडे जाणारी मुले थोडी. अनुभव असला तरी कोणत्या पाइपाला कोणते सोल्युशन, हे शिकूनच कळते.

दुकानदाराची साख परत आलेल्या मालावर ठरते. गिऱ्हाईक माल परत घेऊन आले असता जो तोंड फिरवतो, त्याच्याकडे ते पुन्हा येत नाही. प्लंबरनेही कामाच्या बिलावर तारीख आणि एक वर्षाची जबाबदारी लिहून द्यावी, आणि बोलावणे आले की जावे. मालकाने ठरलेल्या दिवशी शेवटचा हिस्सा न मागता हातात ठेवावा. येत्या पावसाळ्यापूर्वी ज्यांच्या घरी काम निघणार आहे, त्यांनी निदान एवढा एक कागद करूनच टाइल्सची ऑर्डर द्यावी.