मेमरीच्या चुका : शून्य!

शुक्रवारी संध्याकाळी चाकणच्या तळेगाव चौकात कंपनीची बस अडकली की विचार करायला भरपूर वेळ मिळतो. रोज जाणाऱ्यांना हे सांगायला नकोच :)

मागच्या महिन्यात तिथे बसून डोक्यात घोळत होता तो एक रिपोर्ट. "मेमरीच्या चुका : शून्य", खाली माझं नाव. आणि प्लॅन्टमध्ये आमचं युनिट दर दोन-तीन दिवसांनी आपोआप रीसेट होत होतं.

रिपोर्ट खोटा नव्हता हो. कोड पीसीवर कंपाईल करून व्हॅलग्राइंडखाली चालवला होता (खरा उच्चार 'व्हॅलग्रिंड', पण ऑफिसात कोण ऐकतंय). २००२ पासूनचं टूल, फुकट, रिकंपाईलची कटकट नाही. सगळे वापरतात म्हणून आम्हीही. पण ग्लोबल किंवा स्टॅकवरच्या अ‍ॅरेची हद्द ओलांडली तर त्यातल्या मेमचेकला ते कळत नाही. त्यांच्या एफएक्यूमध्येच लिहिलंय. वाचतो कोण!

आता आपल्या पट्ट्यातलं काम बघा. गाडीच्या ईसीयूचा कोड म्हणजे मिस्रा सी. त्याच्या २०१२ च्या आवृत्तीतला नियम २१.३ सांगतो, मॅलॉक-फ्री वापरू नका. म्हणजे आमचे झाडून सगळे बफर ग्लोबल. चोर मागच्या दाराने येणार आणि आम्ही वॉचमन बसवला पुढच्या गेटवर!

मग अ‍ॅड्रेस सॅनिटायझर लावला. गूगलवाल्यांनी बनवलेला, जीसीसीत ४.८ पासून आहे, कंपाईल करताना एक फ्लॅग दिला की झालं. तो प्रत्येक अ‍ॅरेच्या कडेला निषिद्ध पट्टा आखतो. वेग साधारण निम्मा होतो. व्हॅलग्राइंडमध्ये प्रोग्राम वीस-तीस पट रखडतो. त्याच टेस्ट पुन्हा चालवल्या. कॅन मेसेजचा एक जादा बाइट शेजारच्या काउंटरवर लिहिला जात होता. ती ओळ माझीच होती.

"एकच काय ते टूल ठरवा," इति मॅनेजरसाहेब. माझं मत : आपल्या कामासाठी आधी सॅनिटायझर, रोज रात्रीच्या बिल्डमध्ये. पण व्हॅलग्राइंड फेकू नका. व्हेरिएबलला किंमत न देताच वापरलं तर ते व्हॅलग्राइंड पकडतं, अ‍ॅड्रेस सॅनिटायझर नाही. आणि व्हेंडरच्या सोर्स नसलेल्या लायब्ररीला फ्लॅग कुठून देणार? फक्त दोन्ही एकाच बिल्डवर एकदम चालवू नका, जमत नाही त्यांचं.

असो. सोमवारी सुधारलेला रिपोर्ट पाठवला. त्यात 'काय तपासलेलं नाही' असा एक नवा रकाना टाकलाय. साहेब म्हणाले, कस्टमर घाबरेल. रकाना अजून तरी आहे.