केरसुणीचा मान

लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी पाटावर ठेवतो, तिला हळदकुंकू वाहतो आणि दुसऱ्या दिवसापासून दाराआड उभी करतो. घरातल्या बाईचेही पुष्कळदा असेच होते. मान एका दिवसाचा आणि काम वर्षभराचे!

यावरून एका झाडूची गोष्ट आठवली. १८९३ साली न्यूझीलंडच्या प्रतिनिधिगृहात सर जॉन हॉल यांनी एक भलीमोठी कागदाची गुंडाळी आणली आणि मधल्या वाटेवर सोडून दिली. ती उलगडत, घरंगळत गेली आणि पलीकडच्या भिंतीवर धाडकन आपटली. स्त्रियांना मताचा अधिकार मिळावा म्हणून केलेला तो अर्ज होता. पाचशेहून अधिक कागद एकाला एक चिकटवून ते ज्या दांडक्याभोवती गुंडाळले होते, ते होते झाडूचे!

ही चिकटवाचिकटवी केली होती केट शेपर्ड यांनी. वडील वारल्यावर विशीत आईबरोबर क्राइस्टचर्चला आलेल्या या बाई दारूबंदीच्या चळवळीत पडल्या. दारूने संसार बुडतात हे बायकांनी कितीही सांगितले, तरी मत नसलेल्या माणसाचे ऐकतो कोण? म्हणून १८८७ पासून शेपर्डबाईंनी मताधिकाराचेच काम अंगावर घेतले. पत्रे, पत्रके, सभा आणि सह्या! १८९१ साली नऊ हजारांवर सह्या झाल्या, पुढल्या वर्षी सुमारे वीस हजार. दोन्ही वेळा कायदा झाला नाही. तिसऱ्या वर्षी सगळे अर्ज मिळून सह्या बत्तीस हजारांच्या घरात गेल्या.

पंतप्रधान सेडन यांना हे नको होते. वरिष्ठ सभागृहात त्यांनी आपल्या एका सभासदाचे मन वळवले. पण या लुडबुडीने चिडून विरोधातल्याच दोघांनी बायकांच्या बाजूने मत दिले! २० विरुद्ध १८. १९ सप्टेंबर १८९३ रोजी कायद्यावर सही झाली. पार्लमेंटच्या निवडणुकीत सर्व प्रौढ स्त्रियांना, माओरी स्त्रियांनासुद्धा, मत देणारा न्यूझीलंड हा पहिला स्वशासित देश ठरला. नोव्हेंबरातल्या निवडणुकीत नव्वद हजारांवर बायकांनी मत दिले.

मात्र उमेदवार होण्याचा हक्क मिळायला १९१९ साल उजाडले. पहिली स्त्री निवडून आली १९३३ साली. दुसऱ्याच वर्षी शेपर्डबाई गेल्या. आज तिथल्या दहा डॉलरच्या नोटेवर त्यांचे चित्र आहे.

आपल्याकडे मतदानाच्या सकाळी चहा पिता पिता 'मत कोणाला द्यायचे' हे बायकोला सांगणारे कर्ते पुरुष अजून भेटतात. त्यांनी यंदा केरसुणीला नमस्कार करताना ते दांडके जरूर आठवावे. मान कोणीतरी द्यावा लागतो; हक्क चिकाटीने मिळवावा लागतो, आणि मिळाल्यावर आपल्याच बुद्धीने वापरावा लागतो.