उडी खरी हवी!

सोलापुरातील शुक्रवार पेठेत एका परिचितांच्या घरी आजोबा आणि नातू यांचा वाद ऐकण्याचा योग आला. नातू मोबाईलवर ‘ओंग-बाक’ हा २००३ सालचा थाई चित्रपट पाहत होता. आजोबांनी थोडा वेळ पाहिले आणि विचारले, “अरे, यात कथा ती काय?” नातू म्हणाला, “आजोबा, कथा राहू द्या. उडी खरी आहे ना!”

उत्तर पोरकट वाटले. पण ते मनातून जाईना.

मारधाडपटांकडे नाक मुरडून पाहण्याची आपल्या सुशिक्षित घरांतील रीत जुनी आहे. या चित्रपटांचे कथानक क्षीण असते, हे मान्यच केले पाहिजे. गावातील बुद्धमूर्तीचे शिर चोरीला जाते आणि एक तरुण ते परत आणण्यासाठी शहरात जातो, एवढीच ‘ओंग-बाक’ची गोष्ट. परंतु त्याचा नायक टोनी जा याने ना दोरांचा आधार घेतला, ना संगणकाचा. पन्ना रित्तिक्राई या गुरूच्या हाताखाली घोटलेली स्वदेशीची युद्धविद्या त्याने पडद्यावर उभी केली आणि ती जगाने पाहिली.

कथेविना माणसे रमतात कशी, असे सोलापूरकराने तरी विचारू नये. मकरसंक्रांतीला ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. कुंभारकन्येच्या विवाहाची कथा येथील लहान पोरालाही ठाऊक असते. तरीही हजारो लोक श्वास रोखून पाहतात ते नंदीध्वज पेलणाऱ्याच्या पायांकडे. पांढऱ्या बाराबंदीतील त्या भक्ताने आधी केलेला सराव तेथे कसाला लागतो. भार खरा असतो, म्हणून भावही खरा उमटतो.

ही दृष्टी आपल्या चित्रपटसृष्टीला एके काळी होती. मूकपटांच्या काळात मास्टर विठ्ठल हा मराठी नट तलवारबाजी आणि साहसदृश्यांच्या बळावर लोकप्रियतेच्या शिखरावर पोहोचला. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट मुंबईत झळकला, तेव्हा नायक तोच होता. मात्र त्याच्या वाट्याला संवाद फार थोडे आले. जो देहाने बोलत होता, त्याला बोलपटाने जवळजवळ मुका केला! पुढे १९३५ च्या ‘हंटरवाली’त नादियाने स्वतः साहसे केली. भगवान पालव यांनी ‘अलबेला’पूर्वी अल्प खर्चाचे अनेक मारधाडपट काढले आणि कष्टकरी प्रेक्षकाने ते उचलून धरले. समीक्षकांनी मात्र या परंपरेला कधी पंगतीला बसवले नाही.

खरेपणाचा आग्रह म्हणजे बेफिकिरी नव्हे, हेही बजावले पाहिजे. १९४२ मध्ये चित्रीकरणात भगवान यांनीच मारलेल्या थपडेने ललिता पवार यांच्या चेहऱ्याला पक्षाघात झाला आणि डोळ्याचे व्यंग आयुष्यभर राहिले. नोव्हेंबर २०१६ मध्ये शेजारच्या कर्नाटकात एका कन्नड चित्रपटासाठी हेलिकॉप्टरमधून जलाशयात उड्या घेतलेले दोन तरुण नट बुडून मरण पावले. अशा मृत्यूंना शौर्य म्हणणे हा शौर्याचा अपमान होय. तालमीतला वस्ताद नवशिक्याला पहिल्याच दिवशी फडात उतरवत नाही. अनुशासनाविना साहस म्हणजे केवळ अविचार.

मग प्रश्न उरतो तो आपला. ज्या मातीत मल्लखांब रुजला, दांडपट्टा फिरला, विटा फेकला गेला, त्या मातीतील ऐतिहासिक चित्रपटांत युद्धप्रसंग आले की पुष्कळदा संगणकच लढताना दिसतो. विद्युत जामवालसारखा कळरिपयट्टू शिकलेला नट ‘कमांडो’त २०१३ मध्ये दिसला; पण तो अपवाद. २०२२ मध्ये हरियाणात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत गटका, कळरिपयट्टू, थांग-ता आणि मल्लखांब यांना स्थान मिळाले, ही समाधानाची बाब आहे. आपला मर्दानी खेळ मात्र त्या यादीत नव्हता. दोष शासनाला देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. त्या खेळाला किती घरांतून मुले मिळतात, हे प्रथम विचारायला हवे.

थायलंडला टोनी जा मिळाला, कारण तेथे आखाडे जिवंत होते. चित्रपट विद्या निर्माण करीत नाही; असलेली विद्या दाखवतो. शाखेच्या मैदानावर दंड आणि नियुद्ध शिकलेल्या स्वयंसेवकाला हे वेगळे सांगायला नको. गणपती आणि शिवजयंतीच्या मिरवणुकांतून तालमींची नावे सोलापुरात आजही गाजतात. त्यांच्या हौद्यातील मातीही रोज घामाने भिजली पाहिजे.

म्हणून त्या आजोबांना एकच विनंती आहे. नातवाच्या हातातील मोबाईल हिसकावून घेऊ नका. चित्रपट संपू द्या, आणि उद्या पहाटे त्याचे बोट धरून त्याला तालमीत वा मैदानावर घेऊन जा. उडी खरी असावी, एवढे त्याला कळले आहे. ती स्वतः घ्यायची असते, हे सांगणे आपले काम आहे.