अध्यापक-विनिमय आणि रिकामा वर्ग

परदेशी विद्यापीठांशी सामंजस्य करार करण्याची हौस अलीकडे महाराष्ट्रातील विद्यापीठांना आणि मोठ्या शिक्षणसंस्थांना जडली आहे. करारावर स्वाक्षऱ्या होतात, शाल-श्रीफळ दिले जाते, छायाचित्र वृत्तपत्रांत झळकते. ‘अध्यापकांची देवाणघेवाण’ हे कलम अशा करारांत बहुधा असतेच. परंतु त्या कलमाखाली किती अध्यापक प्रत्यक्ष गेले, किती आले, आणि त्यासाठी संस्थेच्या अंदाजपत्रकात कोणत्या शीर्षाखाली किती रक्कम धरली होती, असे विचारले तर समाधानकारक उत्तर क्वचितच मिळते. तरतुदीवाचून केलेला करार हा केवळ शुभेच्छांचा कागद होय.

अंदाजपत्रक ही हिशेबनिसाची बाब आहे, तत्त्वाचा प्रश्न वेगळाच असतो, असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे. तो सोडून द्यावयास हवा. परदेशी अध्यापनासाठी कोणाला जाता येईल, कोणाला दारातच थांबावे लागेल आणि जाणाऱ्याच्या मागे राहिलेल्या विद्यार्थ्यांचे काय होईल, या तिन्ही गोष्टी निवड समितीच्या बैठकीपूर्वीच, खर्चाच्या शीर्षांची यादी तयार होते त्या वेळी ठरून गेलेल्या असतात.

या विनिमयाचा इतिहास हाच मुळी पैशाचा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेचे प्रचंड युद्धसाहित्य परदेशांत पडून होते. ते विकावयाचे तर घेणाऱ्या देशांजवळ डॉलर नव्हते. तेव्हा विक्रीतून मिळणाऱ्या स्थानिक चलनांतील रकमा विद्यार्थी-अध्यापकांच्या देवाणघेवाणीवर खर्च कराव्यात अशी योजना सिनेटर जे. विल्यम फुलब्राइट यांनी मांडली व १ ऑगस्ट १९४६ रोजी तिचा कायदा झाला. भारताशी तसा करार २ फेब्रुवारी १९५० रोजी झाला. पुढे १९५१ साली अन्नटंचाईच्या काळात अमेरिकेने भारतास गव्हासाठी १९ कोटी डॉलरचे कर्ज दिले. त्या कर्जाच्या व्याजातील ५० लाख डॉलरपर्यंतची रक्कम शैक्षणिक विनिमय, ग्रंथ आणि प्रयोगशाळांची साधने यांसाठी राखून ठेवण्यात आली. भुकेच्या वेळी घेतलेल्या धान्याचे व्याज अशा रीतीने प्राध्यापकांच्या प्रवासाच्या तिकिटांत उतरले.

या योजनेने अनेक चांगले अध्यापक घडविले हे नाकारण्याचे कारण नाही. तिच्या संचालक मंडळात दोन्ही देशांचे सदस्य असत, आणि प्रवास, मासिक वेतन, आरोग्यविमा, परदेशी बिऱ्हाड मांडण्याचा सुरुवातीचा खर्च ही शीर्षे तिने काळजीपूर्वक वेगळी केली. तथापि खर्चाचा भार दोन्ही देशांनी समान भागीदार म्हणून उचलण्याचा करार होण्यास २००८ साल उजाडावे लागले. त्यानंतरच तिला ‘फुलब्राइट-नेहरू’ हे नाव मिळाले. अठ्ठावन्न वर्षांनी आलेले हे नाव एक साधा धडा सांगते: विनिमयात बरोबरीची भाषा करावयाची तर बरोबरीचा पैसाही घालावा लागतो.

आता नियोजनाकडे वळू. पहिला प्रश्न पंचांगाचा. महाराष्ट्रात शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होते. अमेरिकेतील सत्र साधारणपणे ऑगस्टच्या उत्तरार्धात आणि इंग्लंडमधील सप्टेंबरअखेर सुरू होते. सरकारचे आर्थिक वर्ष मात्र एप्रिल ते मार्च. ऑगस्टमध्ये निघणारा अध्यापक दोन महिने शिकवून वर्ग अर्धवट टाकून जातो व परततो तो दुसऱ्या सत्रात. त्याची सोय करावयाची तर निर्णय आदल्या मार्चच्या अंदाजपत्रकातच व्हावयास हवा. प्रत्यक्षात अनुदान हिवाळ्यात मंजूर होते, हाती पडते फेब्रुवारीत आणि खर्च करावयाचे असते ३१ मार्चच्या आत. परिणामी सत्रभराच्या अध्यापनाचा आठवड्याचा दौरा होतो. त्यात दोन व्याख्याने होतात, पण अध्यापन होत नाही.

दुसरा प्रश्न आगाऊ रकमेचा. ‘प्रथम खर्च करा, मागाहून देयके सादर करा’ हा आपल्या कार्यालयांचा आवडता नियम. विमानाचे तिकीट, व्हिसाचे शुल्क, आरोग्यविमा, घरभाड्याची अनामत, पहिल्या महिन्याचा निर्वाह आणि थंडीचे कपडे एवढ्यासाठी काही लाख रुपये पदरचे घालून वर्षभर परताव्याची वाट पाहणे कोणास शक्य आहे? ज्याच्या घरी दोन पगार येतात आणि मागची पिढीही शिकलेली आहे त्यास. हिंगोलीच्या वा गडचिरोलीच्या महाविद्यालयात लागलेला, घरातील पहिलाच पदवीधर असलेला आणि धाकट्या भावंडांच्या शिक्षणाचा भार वाहणारा अध्यापक या नियमापुढे हात जोडतो. लहान मूल असलेली अध्यापिका तर अर्जच करीत नाही, कारण मुलाच्या सांभाळाचे शीर्षच यादीत नसते. निवड गुणवत्तेवर झाली असे मग जाहीर होते, पण अनेक गुणवंत त्या निवडीपर्यंत पोहोचलेलेच नसतात.

युरोपीय संघाच्या ‘इरॅस्मस’ योजनेत याची दखल घेतलेली दिसते. तेथे प्रवासखर्च अंतराच्या टप्प्यांनुसार व निर्वाहभत्ता यजमान देशातील महागाईच्या गटानुसार आधीच ठरलेला असतो. निधीचा मोठा हिस्सा संस्थेच्या हाती अगोदर येतो, आणि अध्यापनासाठी जाणाऱ्याने आठवड्यास किमान आठ तास शिकविले पाहिजे असे बंधन असते. ही योजना निर्दोष नाही, परंतु दर आधी माहीत असल्यामुळे अर्ज करणारास आपला हिशेब मांडता येतो.

पैसा अपुरा पडला म्हणजे काय होते याचे महाराष्ट्राला परिचित असलेले उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. ते अध्यापनासाठी नव्हे, अध्ययनासाठी गेले होते, पण हिशेबाचे दुखणे तेच. १९१३ साली बडोदे संस्थानने त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. न्यूयॉर्कहून ते १९१६ साली लंडनला गेले, आणि १९१७ साली मुदत संपल्यामुळे अभ्यास अपुरा टाकून त्यांना परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून साठविलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांनी दिलेली मदत यांच्या बळावर ते १९२० साली पुन्हा लंडनला जाऊ शकले. मधली तीन वर्षे एका शीर्षातील रकमेअभावी गेली. त्यांच्या ठिकाणी कमी जिद्दीचा मनुष्य असता तर तो परत गेलाच नसता, आणि असे न परतलेले किती, याची नोंद कोठेच नाही.

बाबासाहेबांनी लंडनमध्ये पुरा केलेला आणि १९२३ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ रुपयाच्या प्रश्नावरचा होता, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण विनिमयाच्या नियोजनातील तिसरा प्रश्न रुपयाचाच. जून १९६६ मध्ये डॉलरचा भाव एका दिवसात ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैसे झाला. जुलै १९९१ मध्ये तीन दिवसांत दोनदा अवमूल्यन झाले. असे धक्के रोज बसत नाहीत हे खरे, पण २०२२ साली आरंभी ७५ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर ऑक्टोबरात ८२ रुपयांच्या वर गेला होता. समजा, एका सत्राच्या निर्वाहासाठी ६,००० डॉलर लागतात. ७५ रुपये दराने ४ लाख ५० हजार रुपये मंजूर झाले आणि खर्चाच्या वेळी दर साडेब्याऐंशी झाला, तर ४५ हजार रुपये कमी पडतात. ही तूट सरकारही सोसत नाही, यजमान विद्यापीठही सोसत नाही. ती अध्यापकाच्या भविष्यनिर्वाह निधीतून भरून निघते. म्हणून मंजुरी रुपयांत न देता खर्चाच्या चलनात द्यावी, अथवा दहा टक्के राखीव रक्कम ठेवावी, एवढे तरी किमान व्हावयास हवे.

या तिन्हींहून मोठा, आणि सर्वांत कमी बोलला जाणारा प्रश्न रिकाम्या वर्गाचा आहे. अध्यापक गेल्यावर त्याचे तास कोण घेणार? महाराष्ट्रात अनुदानित महाविद्यालयांतील असंख्य पदे आधीच रिक्त आहेत आणि शिकविण्याचा मोठा भार तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या खांद्यावर आहे. त्यांना तासांचे पैसे मिळतात, सुट्टीचे मिळत नाहीत. विनिमयावर गेलेल्या प्राध्यापकाच्या जागी असाच एक तरुण घेतला जातो, किंवा कोणीच घेतला जात नाही आणि तास सहकाऱ्यांत वाटून दिले जातात. म्हणजे एकाच्या परदेशगमनाचा खर्च दुसऱ्याच्या अल्प वेतनातून आणि विद्यार्थ्यांच्या बुडालेल्या तासांतून वसूल होतो. राष्ट्रकुल देशांनी अध्यापकांच्या भरतीविषयी २००४ साली जी संहिता स्वीकारली, तिच्यातही शैक्षणिक वर्षाच्या मध्येच अध्यापकांना उचलून नेऊ नये, अशी अपेक्षा व्यक्त केलेली आहे. ती भरतीसाठी रास्त असेल तर विनिमयासाठी अधिकच रास्त आहे.

वर्ग रिकामा करून देणारा देश नेहमी गरीबच असतो, हेही पाहावयास हवे. अमेरिकेतील अनेक शाळांनी स्वतःच्या अध्यापकटंचाईवर परदेशी अध्यापकांचा उतारा शोधला आहे, आणि त्यांत फिलिपाइन्सचे अध्यापक मोठ्या संख्येने आहेत. काही जण सांस्कृतिक विनिमयाच्या व्हिसावर येतात, काही नोकरीच्या. लुइझियाना राज्यात २००७ पासून नोकरीच्या व्हिसावर नेलेल्या सुमारे ३५० फिलिपिनो अध्यापकांकडून भरती करणाऱ्या दलालांनी प्रत्येकी सुमारे १६ हजार डॉलर उकळले. अध्यापक संघटनेच्या साहाय्याने ते न्यायालयात गेले, आणि २०१२ साली ज्यूरीने त्यांना ४५ लाख डॉलर देवविले. संघटना पाठीशी नसती तर हे अध्यापक एकेकटे कर्जच फेडीत राहिले असते. खर्च जेव्हा जाणाऱ्या अध्यापकावर टाकला जातो, तेव्हा विनिमय आणि मजूरभरती यांतील सीमारेषा पुसट होते.

उलट दिशेचे उदाहरण आपल्या सरकारचे आहे. २०१५ साली सुरू झालेल्या ‘ग्यान’ योजनेत परदेशी अध्यापकास एका आठवड्याच्या १२ ते १४ तासांसाठी ८,००० डॉलरपर्यंत आणि दोन आठवड्यांच्या २० ते २८ तासांसाठी १२,००० डॉलरपर्यंत मानधन व प्रवासखर्च मिळून देण्याची तरतूद होती. बाहेरचे विद्वान यावेत, आपल्या विद्यार्थ्यांनी त्यांना ऐकावे, यात गैर काहीच नाही. परंतु येणाऱ्याचा दर निश्चित आणि जाणाऱ्याचे शीर्षच नाही, अशी रचना असेल तर ज्ञान बाहेरून येते आणि आपण फक्त श्रोते, हे गृहीतच त्या रचनेत शिरते.

यावर असा आक्षेप येईल की, जेथे पदे भरावयास पैसा नाही तेथे ही चैन हवीच कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे. पण विनिमय चैन ठरतो तो महागड्या, अल्पकालीन आणि एकतर्फी दौऱ्यांमुळे. लंडन-न्यूयॉर्कखेरीज जग नाही असे मानण्याचे कारण नाही. गर्दीचे वर्ग, घरची भाषा आणि शिक्षणाची भाषा यांतील अंतर, खेड्यातून आलेला पहिल्या पिढीचा विद्यार्थी, हे प्रश्न काठमांडू, कोलंबो आणि दारेसलाम येथील अध्यापकांचेही आहेत, आणि तेथील प्रवास व निर्वाह कमी खर्चाचा आहे. साने गुरुजींनी आंतरभारतीची कल्पना मांडली ती प्रांताप्रांतांनी एकमेकांपासून शिकावे यासाठी. तेच सूत्र देशादेशांना लावता येते.

म्हणून मागणी नेमकी करावयास हवी. विनिमयाच्या प्रत्येक योजनेत पहिले शीर्ष बदली अध्यापकाच्या पूर्ण वेतनाचे असावे. ते मंजूर झाल्यावाचून कोणास पाठवू नये. रक्कम प्रस्थानापूर्वी द्यावी. मुदत एका पूर्ण सत्राहून कमी नसावी. जितके जातील तितके येतील अशी अट असावी, आणि आलेल्या पाहुण्याचे काही तास जिल्ह्याच्या महाविद्यालयांत ठेवावेत. पैसा कमी असेल तर दहांऐवजी तिघांना पाठवावे, पण त्या तिघांचे वर्ग भरलेले असावेत.

विद्यापीठांच्या अधिसभांत समाजवादी विचाराचे सभासद आहेत, अध्यापक संघटनांत कार्यकर्ते आहेत. वार्षिक अंदाजपत्रक अधिसभेपुढे येईल तेव्हा सामंजस्य करारांची यादी मागवावी, आणि प्रत्येक करारासमोर बदली अध्यापकाच्या वेतनाची तरतूद किती, हा प्रश्न लेखी विचारावा. त्याच्या उत्तरावरून त्या कराराची किंमत कळेल.