दोन मिनिटांची शिट्टी

कोकणातून एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांचा मुलगा यंदा अकरावी सायन्सला. रात्री जेवणं आटोपली की तो लॅपटॉप उघडून बसतो आणि मग खोलीतून जवळजवळ दोन मिनिटं एकच बारीक शिट्टी ऐकू येते. विचारलं तर म्हणतो, "अम्मी, यात निरोप आहे, रेडिओचा." शिट्टीत निरोप कसा मावेल, पोरगा आपल्याला बनवतो तर नाही ना, आणि रेडिओचं म्हणतो तर उद्या पोलीस दारात यायचे नाहीत ना, असे भगिनींचे तीन प्रश्न आहेत. आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, विज्ञान नव्हे. पण हे वेड आमच्या वर्गातल्या काही मुलांनाही लागलेलं असल्यामुळे त्यांच्यामागोमाग आम्हीही त्यात बरेच आत शिरलो आहोत.

मुलगा खरं बोलतो आहे. पत्रातल्या वर्णनावरून ही 'व्हिस्पर' पद्धत असावी. लिहिताना तिची चार अक्षरं, डब्ल्यूएसपीआर, पण बोलताना व्हिस्पर, म्हणजे कुजबूज. २००८ साली ती जोसेफ टेलर यांनी बनवली. हे प्रिन्स्टनचे खगोलशास्त्रज्ञ. जोडीने फिरणाऱ्या पल्सार ताऱ्याच्या शोधासाठी १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना रसेल हल्स यांच्याबरोबर मिळालं. दूरच्या ताऱ्याचा क्षीण ठोका गोंगाटातून वेगळा काढण्यात ज्याची उमर गेली, त्याने फावल्या वेळात हौशी रेडिओवाल्यांसाठी कुजबूज ऐकायची युक्ती काढली, हे आम्हाला फार आवडलं.

त्या शिट्टीत तीनच गोष्टी असतात: पाठवणाऱ्याचं ओळखचिन्ह, त्याचं ठिकाण आणि किती शक्तीने पाठवतो तो आकडा. ठिकाणासाठी पृथ्वीचे चौकोन पाडले आहेत, दोन अंश रुंद आणि एक अंश उंच. दक्षिण मुंबई आणि पुणे एकाच चौकोनात येतात, एमके ६८. एवढा मजकूर आकड्यांत बदलतात, चुका दुरुस्त करता याव्यात म्हणून त्यात जादा आकडे मिसळतात आणि सगळ्याचे १६२ तुकडे होतात. प्रत्येक तुकडा म्हणजे चार ठरलेल्या सुरांपैकी एक सूर, दोन-तृतीयांश सेकंदाहून किंचित जास्त वेळ वाजणारा. सगळे मिळून सुमारे १११ सेकंद. शेजारच्या दोन सुरांत अंतर किती, तर जेमतेम दीड हर्ट्झ. शिट्टी साधारण १५०० हर्ट्झची असते. त्या उंचीवर गाण्यातल्या शेजारच्या दोन स्वरांत ९० हर्ट्झच्या आसपास अंतर असतं. मग दीड हर्ट्झचा फरक आपल्या कानाला कसा कळणार? आपल्याला एकच शिट्टी ऐकू येते, कॉम्प्युटरला चार दिसतात.

आता पोलिसांचं. स्पीकरमधून निघतो तो नुसता आवाज. त्याला परवाना लागत नाही, तक्रार आलीच तर शेजाऱ्यांची येईल. तोच आवाज ट्रान्समीटरला जोडून अँटेनावर चढवला की मात्र कायदा सुरू होतो. त्यासाठी केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा आहे, एएसओसी नावाची. रेडिओचं प्राथमिक ज्ञान आणि नियम यांवर प्रश्न असतात. रिस्ट्रिक्टेड दर्जाला मोर्स यावं लागत नाही, जनरलला लागतं. पास झालं आणि परवाना मिळाला की स्वतःचं ओळखचिन्ह मिळतं. कोणता पट्टा कोणत्या परवान्यात बसतो हे अर्ज करतानाच विचारून घ्यावं. तोवर मुलाने निरोपात दुसऱ्या कुणाचं ओळखचिन्ह घालू नये आणि लॅपटॉपमागे ट्रान्समीटर लावू नये. एवढं पाळलं तर भगिनींनी निर्धास्त झोपावं.

पण निरोप पाठवायला आजकाल मोबाईल असताना हा खटाटोप कशाला? उत्तर कमी वारंवारतेच्या रेडिओत आहे. मिडियम वेव्हची स्टेशनं ५३१ किलोहर्ट्झपासून वर लागतात. त्याच्या कितीतरी खाली, १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ, हौशी लोकांना एक अरुंद पट्टी मिळाली आहे. ब्रिटनमध्ये ती १९९८ साली खुली झाली आणि २००७ च्या जागतिक रेडिओ परिषदेने तिला आंतरराष्ट्रीय मान्यता दिली, हवेत जाणारी शक्ती एक वॉटच्या आत ठेवण्याच्या अटीवर. एक वॉट म्हणजे शून्याच्या बल्बपेक्षाही कमी. ती अट नसती तरी फार फरक पडला नसता. इथे लाटेची लांबी सुमारे २२०० मीटर. नीट काम करणारा उभा अँटेना तिच्या पाव हिश्शाचा हवा, म्हणजे ५५० मीटर. साडेसात कुतुबमिनार एकावर एक! परसात कुणी पंधरा मीटरच्या खांबावर तार टाकतो आणि प्लास्टिकच्या बादलीवर तांब्याची तार गुंडाळून मोठं कॉईल करतो. बहुतेक शक्ती त्या कॉईलमध्ये आणि जमिनीत उष्णता होऊन संपते. हवेत जातो तो चिमूटभर. (अशा तारेवर हजारो व्होल्ट चढू शकतात. परवाना असला तरी हे मुलाने एकट्याने करायचं काम नाही.)

तर पाठवणारा मोठ्याने ओरडू शकत नाही. मग तो सावकाश बोलतो. बोलण्यासाठी रिसीव्हरची खिडकी २५०० हर्ट्झ रुंद ठेवावी लागते आणि त्या खिडकीतून तेवढाच गोंगाटही आत येतो. पण मोर्सचा एक टिंब तीन सेकंद ताणला, तर खिडकी हर्ट्झच्या एक-तृतीयांशावर आणता येते. गोंगाट साडेसात हजार पटीने कमी! रेडिओच्या सांकेतिक भाषेत क्यूआरएस म्हणजे 'हळू पाठवा'. या लोकांनी त्याला आणखी एक एस जोडून क्यूआरएसएस केलं. तीन सेकंदांचा टिंब हा तर वेगवान प्रकार. दहा, तीस, साठ सेकंदांचेही असतात. साठच्या चालीने इंग्रजी ए हे एक अक्षर पाठवायला, टिंब, मधली जागा आणि रेघ धरून, पाच मिनिटं जातात. तेवढ्यात चहा होतो. हे कानांनी ऐकायचं नसतंच. पडद्यावर सुरांचा आलेख सरकत राहतो, त्याला ते धबधबा म्हणतात, आणि करड्या कचऱ्यातून टिंब नि रेघा हळूहळू उजळत येतात.

इतका सावकाश आणि इतका नेमका सूर काढायचा कशाने? पूर्वी यंत्र फिरवून काढत. स्वीडनमध्ये ग्रिमेटन इथे १९२४ साली उभारलेलं एक रेडिओ केंद्र अजून चालू स्थितीत आहे. २००४ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. तिथे ट्रान्समीटर म्हणजे एक प्रचंड पोलादी चक्र, अलेक्झांडरसन नावाच्या इंजिनियरने घडवलेलं. त्याच्या कडेला ४८८ खाचा, आणि मिनिटाला २११५ फेरे. आकडेमोड आमच्या वर्गातल्या एका मुलीने फळ्यावर करून दाखवली: २११५ ला ६० ने भागा, ४८८ ने गुणा, सेकंदाला १७,२०० च्या आसपास येतात. तीच त्या केंद्राची वारंवारता, १७.२ किलोहर्ट्झ. चक्राची गती जरा ढळली की सूर ढळला.

लॅपटॉपमधलं साउंड कार्ड हेच काम आकड्यांनी करतं. लाटेची उंची किती, हा आकडा ते सेकंदाला ४८,००० वेळा बाहेर काढतं, आणि त्याच्या निम्म्यापर्यंतचा, २४,००० हर्ट्झपर्यंतचा कोणताही सूर त्याला काढता येतो. ग्रिमेटनचे १७,२०० त्यात आरामात बसतात. १३७ किलोहर्ट्झ बसत नाहीत, म्हणून तिथे बेरीज करतात. ट्रान्समीटर १३६.० वर लावायचा, लॅपटॉपने १.५ किलोहर्ट्झची शिट्टी द्यायची, अँटेनावर १३७.५ जातात. भगिनींना ऐकू येणारी शिट्टी असते ती याच बेरजेतला दुसरा आकडा.

त्याहून खाली गेलं तर बेरीजही लागत नाही. काही जर्मन हौशी मंडळींनी २०१० मध्ये पतंगाला शंभर मीटर तार बांधून ९ किलोहर्ट्झच्या जरा खालचा सूर हवेत सोडला. पुढे ते ८.२७ वर गेले. तिथे लॅपटॉपचा सूर गाणी वाजवण्याच्या अँप्लिफायरने मोठा करून कॉईलमधून थेट तारेवर देता येतो. इथे आमच्यासारख्या भाषेच्या मास्तराला थांबावंसं वाटतं. तोच ८२७० चा आकडा स्पीकरला दिला तर हवेत चार सेंटिमीटरची लाट उठते आणि तिला आपण आवाज म्हणतो. तारेला दिला तर छत्तीस किलोमीटरची लाट उठते, प्रकाशाच्या वेगाने जाते, आणि तिला आवाज म्हणता येत नाही. 'आवाज' हा शब्द उर्दूतही आहे आणि मराठीतही, पण या दुसऱ्या लाटेसाठी तो दोन्हीकडे अपुरा पडतो. 'लहर' मात्र दोन्हीकडे चालतो.

घरी करून बघायला दोन यंत्रं पुरतात: एक वाजवणारं, एक ऐकणारं. वाजवायला ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चांगलं. त्यात टोन तयार करायची सोय आहे, हर्ट्झ आणि सेकंद भरले की झालं. ऐकायला तेच सॉफ्टवेअर स्पेक्ट्रोग्राम दृश्यात ठेवावं, किंवा एका जर्मन हौशीने लिहिलेलं स्पेक्ट्रम लॅब घ्यावं. खोलीच्या एका टोकाला सूर अगदी मंद ठेवा, मध्ये पंखा आणि मिक्सर चालू करा. कानाला काही कळत नाही अशा वेळीही धबधब्यावर रेघ दिसते.

काही गोष्टी आम्ही मुलांकडून शिकलो. प्रत्येक सुराची सुरुवात आणि शेवट किंचित विरता ठेवावा, नाहीतर टक्‌ असा आवाज होऊन सगळ्या पट्टीभर डाग पडतो. आवाज पूर्ण वाढवू नये, लाटेचे माथे कापले जातात आणि १५०० च्या जोडीला ३००० नि ४५०० ची पिल्लं जन्मतात. मोबाईलने ऐकायचं तर गोंगाट कमी करणारी सोय बंद करावी, कारण स्थिर सूर हाच तिला गोंगाट वाटतो आणि ती नेमका तोच पुसते. लॅपटॉपच्या सूचनांचे टिंगटाँग आवाजही बंद ठेवावेत. परवानाधारकांच्या बाबतीतसुद्धा ते थेट हवेत गेल्याचे किस्से आहेत. आणि घड्याळ बरोबर लावावं. व्हिस्परचा निरोप सम मिनिट सुरू झाल्यावर एका सेकंदाने निघतो, दोन-तीन सेकंदांची चूकसुद्धा त्याला फार होते. सर्वांत खालच्या वारंवारतांवर साउंड कार्डाचं स्वतःचं घड्याळही पुरत नाही. दहा लाखांत वीस भागांची चूक ८२७० हर्ट्झवर हर्ट्झचा सहावा हिस्सा होते, आणि तिथे खिडकी त्याहून कितीतरी अरुंद असते. म्हणून जीपीएसचा सेकंदाचा ठोका साउंड कार्डाच्या दुसऱ्या चॅनलला देऊन सूर सतत दुरुस्त करतात.

या सगळ्या पद्धतींत एक उणीव आम्हाला खटकत होती. मोर्स असो की व्हिस्पर, अक्षरं इंग्रजी. आमच्या दोन्ही भाषांना तिथे दारच नाही. ते दार सापडलं एका जुन्या जर्मन यंत्रात. रुडॉल्फ हेल या इंजिनियरने १९२९ साली अक्षराचा संकेत न पाठवता अक्षराचं चित्रच ठिपक्याठिपक्याने पाठवायची रीत काढली. हौशी लोक आजही तिची संथ रूपं वापरतात. चित्रच पाठवायचं म्हटल्यावर लिपी कोणती याचा प्रश्न उरत नाही.

मुलांनी चौकटीच्या वहीवर नऊ ओळींत 'कलम' लिहिलं. ऑडॅसिटीत नऊ ट्रॅक केले, सर्वांत खालचा १००० हर्ट्झचा, सर्वांत वरचा १८०० चा. काळी चौकट तिथे अर्धा सेकंद सूर, पांढरी तिथे शांतता. शिरोरेषा हा सगळ्यात सोपा ट्रॅक निघाला, एकच सूर सलग. वाजवलं तेव्हा कुणीतरी पेटीवर बसल्यासारखा आवाज झाला, पण धबधब्यावर आधी शिरोरेषेखाली क आला, मग ल, मग म.

मग तोच शब्द उर्दूत. नस्तालीकचा उतार चौकटींत बसेना, म्हणून सरळ नस्ख वळण घेतलं. पडद्यावर वेळ डावीकडून उजवीकडे सरकतो आणि उर्दू उजवीकडून वाचायची, त्यामुळे आधी उमटला मीम, मग लाम, आणि सर्वांत शेवटी, दोन नुक्त्यांसकट, काफ. मुलं म्हणाली, सर, फाईल उलटी वाजवू. वाजवली. अक्षरांचा क्रम सुधारला, पण प्रत्येक अक्षर आरशात पाहिल्यासारखं उलटं आलं. शेवटी पहिलीच फाईल ठेवली. काफ येईपर्यंत सगळे गप्प बसून होते.