कॅमेऱ्याने ठरवायचे की आपण?

गणेशोत्सव आला की पुष्कळांच्या हातात नवा कॅमेरा दिसू लागतो. कोणाला तो दहावीच्या निकालाचे बक्षीस म्हणून मिळालेला असतो, कोणी मामाकडून चार दिवसांपुरता मागून आणलेला असतो. काही शाळांतही एखादा चांगला डिजिटल कॅमेरा असतो. पण तो स्नेहसंमेलनाच्या दिवशी बाहेर निघतो आणि वर्षभर कपाटात कुलूपबंद राहतो. विसर्जनाच्या दिवशी हे सारे कॅमेरे पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर, मुंबईच्या गिरगावात, कोल्हापुरात, सांगलीत रस्त्यावर उतरतात. आणि जवळजवळ प्रत्येक कॅमेऱ्याची वरची चकती एकाच खुणेवर असते: ‘ऑटो’.

माझे मत असे, की निदान एका मिरवणुकीपुरती ही चकती तेथून हलवावी. हे मत काही शिक्षकांना पटत नाही. ते म्हणतात, मुलांना मौज करू द्या, तेथेही कसला अभ्यास? आक्षेप अगदीच चुकीचा नाही. पण अभ्यास आणि मौज ही एकमेकांची वैरी आहेत हे कोणी ठरवले?

आधी कॅमेऱ्याच्या आत काय आहे ते पाहू. भिंगामागे फिल्मच्या जागी सिलिकनची एक चकचकीत चकती असते. तिच्यावर लक्षावधी सूक्ष्म घरे असतात. प्रकाशकण घरात पडला की इलेक्ट्रॉन सुटतो, आणि जेवढे इलेक्ट्रॉन जमतील तेवढा आकडा त्या घराच्या नावावर लिहिला जातो. छायाचित्र म्हणजे हा आकड्यांचा तक्ता. विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ साली बेल प्रयोगशाळेत अशा चकतीची कल्पना मांडली. त्याबद्दल त्यांना २००९ साली भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. १९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्यात घरे होती फक्त १०,०००, आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. तेवढ्या वेळात ढोलपथक चौक ओलांडून पुढेही गेले असते!

आता ‘ऑटो’वरचा कॅमेरा काय करतो? त्याला समोर गणपती आहे की गुलाल, हे ठरवण्याची उपजत बुद्धी नाही. तो मुळात एक सरासरी काढतो. समोरचे दृश्य एकंदरीत मध्यम करड्या रंगाइतके उजळ असावे असे गृहीत धरून तो प्रकाश कमीजास्त करतो. भर दुपारी पांढरे सदरे घातलेले पथक समोर आले की त्याला वाटते उजेड फार झाला. मग सदरे मळकट दिसतात. रात्री उलटे होते. काळोख्या आकाशासमोर दिव्यांत उजळलेली मूर्ती असते. चित्राचा मोठा भाग काळा, म्हणून कॅमेरा प्रकाश वाढवतो, आणि मूर्तीचा चेहरा पांढराफटक पडतो. नेहमीच्या चित्रात प्रत्येक घरासाठी ० ते २५५ एवढेच आकडे असतात. चेहऱ्यावरची सारी घरे २५५ला जाऊन टेकली की तेथली नजर, सोंडेवरची नक्षी, काहीच उरत नाही. नंतर संगणकावर कितीही खटपट केली तरी हरवलेले परत येत नाही. अशा वेळी प्रकाश एका पायरीने, म्हणजे निम्म्याने, कमी करा. बहुतेक कॅमेऱ्यांवर त्यासाठी अधिक-उणे चिन्हाचे बटण असते. मूर्तीचा चेहरा परत दिसू लागेल.

पुण्याची मुख्य मिरवणूक सकाळी मंडईजवळ सुरू होते, कसब्याचा गणपती पुढे असतो, आणि ती अलका टॉकीजच्या चौकाकडे सरकत सरकत रात्र ओलांडून दुसऱ्या दिवसात शिरते. (पुणेकरांना हे सांगायला नकोच.) प्रयोगाच्या दृष्टीने ही केवढी सोय! एकाच रस्त्यावर ऊनही मिळते आणि अंधारही. स्वच्छ ऊन सुमारे १ लाख लक्स असते. रात्री रोषणाईपासून जरा दूर, रस्त्याच्या दिव्याखाली २५ लक्स आहेत असे धरू. म्हणजे उजेड चार हजारपट घटला. बारा वेळा निम्मा झाला. ही बारा पावले तुम्हाला तीन ठिकाणांहून भरून काढायची आहेत. समजा, उन्हात छिद्र एफ ८, झडप १/४०० सेकंद आणि आयएसओ १०० होता. छिद्र एफ २.८ केले की तीन पावले मिळाली, अर्थात तुमच्या भिंगाला तेवढे उघडता येत असेल तर. झडप १/५० केली की आणखी तीन. आयएसओ १०० वरून ६४०० वर नेला की सहा. बेरीज बारा.

ही वाटणी कशी करायची यातच सगळी गंमत आहे, कारण प्रत्येक ठिकाणी काही ना काही द्यावे लागते. छिद्र मोठे केले तर पुढचा ढोलवाला स्पष्ट दिसतो, मागचा ध्वज पुसट होतो. आयएसओ वाढवला म्हणजे प्रकाश वाढला, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. आलेल्या तुटपुंज्या आकड्यांना फक्त गुणले जाते. एका घरात सरासरी १०,००० प्रकाशकण पडत असतील तर त्यांत सुमारे १०० चा चढउतार असतो, म्हणजे शेकडा १. फक्त १०० पडत असतील तर चढउतार १० चा, म्हणजे शेकडा १०. रात्रीच्या चित्रात रवा सांडल्यासारखे जे दिसते, त्याचा मोठा भाग हाच. तो काही सगळाच कॅमेऱ्याचा दोष नव्हे, प्रकाश मुळातच कणाकणाने येतो याचा तो पुरावा आहे. पाठ्यपुस्तकातला ‘फोटॉन’ येथे लक्ष्मी रस्त्यावर डोळ्यांना दिसतो, आणि आपण त्या चित्राला ‘खराब आले’ म्हणून पुसून टाकतो!

झडपेचे तर विचारूच नका. ढोलावर पडणारे टिपरू सेकंदाला ३ मीटर वेगाने येत असेल, तर १/५० सेकंदात ते ६ सेंटिमीटर सरकते आणि चित्रात पुसट पट्टा उमटतो. १/५०० ला तेच ६ मिलिमीटर. आता हेच उलटे करा. पथकातल्या ओळखीच्या दादाला विचारून ढोलाच्या पानाचा व्यास टेपने मोजून ठेवा. कॅमेरा असा धरा की टिपरू तुमच्या नजरेला आडवे जाईल. चित्रातल्या पट्ट्याची लांबी व्यासाशी ताडून पाहा, झडपेच्या वेळेने भागा. टिपराचा वेग हाती आला. पण झडपेची वेळ तुम्ही स्वतः ठरवलेली, निदान नोंदलेली, असेल तरच हे जमते.

दिव्यांचाही एक प्रयोग सांगतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे साध्या बनावटीच्या एलईडी माळा सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्यांना कळत नाही. पण मोबाइल आणि अनेक डिजिटल कॅमेरे चकतीवरच्या ओळी एकदम न वाचता वरून खाली एकापाठोपाठ वाचतात. सगळ्या ओळी वाचायला १/३० सेकंद लागत असेल आणि झडप १/१००० वर असेल, तर तेवढ्यात दिवे तीनदा मंद होतात आणि चित्रावर तीन काळसर आडवे पट्टे येतात. झडप १/१०० करा, पट्टे जवळजवळ नाहीसे. काही मंडळांच्या दिव्यांत पट्टे येतच नाहीत. का येत नसावेत, ते शोधून काढा.

‘पण मोबाइलमध्ये सगळे आपोआप छान येते,’ असे कोणी म्हणेल. येते खरे. मात्र रात्री आजचे मोबाइल बहुधा एक चित्र घेतच नाहीत. ते भराभर अनेक चित्रे घेतात, एकावर एक बसवतात, हललेले भाग वगळतात, रव्यासारखे ठिपके पुसतात आणि एक गोजिरवाणे चित्र हाती देतात. आठवण म्हणून ठेवायला ते उत्तम. पण त्यातून टिपराचा वेग काढायला बसलात तर फसाल, कारण ते चित्र कोणत्याही एका क्षणाचे नाही. माझा खरा आग्रह येथे आहे. चित्र म्हणजे पुरावा असे आपण धरून चालतो. वर्तमानपत्रात, कोर्टात, घरातल्या भांडणातसुद्धा. ते कसे तयार झाले हे ज्याला ठाऊक नाही, त्याला त्या पुराव्याची उलटतपासणी करता येत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला हे शिकवायला मिरवणुकीसारखी जागा नाही.

शिक्षकांना एकच विनंती. कपाटातला तो कॅमेरा चार-चार मुलांच्या गटाला एकेक संध्याकाळ द्या. विसर्जनाच्या गर्दीत पहिल्यांदा देऊ नका. आधीच्या दिवसांत आपल्या पेठेतल्या मंडपासमोर हात बसू द्या. प्रत्येक चित्रासोबत छिद्र, झडप आणि आयएसओ यांचे आकडे कॅमेरा स्वतःच नोंदून ठेवतो. दुसऱ्या दिवशी ते फळ्यावर मांडा आणि ‘हे असे का आले?’ एवढेच विचारा. उत्तम चित्राला बक्षीस मुळीच ठेवू नका, नाही तर सगळे पुन्हा ‘ऑटो’वर जातील.

गर्दीत कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात असू द्या आणि मोठे कोणी बरोबर असू द्या. गुलाल उधळत असताना भिंग बदलू नका. बारीक पूड आत गेली की निघता निघत नाही. पाऊस असतोच, तेव्हा प्लॅस्टिकची पिशवी खिशात ठेवा. लेसरचे झोत सोडणारी गाडी दिसली तर कॅमेरा खाली करा आणि नजरही वळवा. तो झोत चकतीवरची घरे जाळू शकतो आणि डोळ्यांच्या पडद्यालाही इजा करू शकतो. चकती निदान बदलून मिळते. आणि अनोळखी माणसाचे जवळून चित्र घ्यायचे असेल तर आधी विचारा, ‘काका, घेऊ का एक?’ बहुतेक जण हसून हो म्हणतात, आणि मग तुम्हाला झडप नीट लावायला वेळही मिळतो.